डॉक्टरांनी रंगवलेले मास्तर

एका गावात एका मास्तरांचा पुतळा उभारला जातो. गावाला वळण लावणारा, तमाशाला वेशीबाहेर काढणारा, साऱ्या पंचक्रोशीला वंदनीय असा तो गुरू. त्याचा खून झाला अशी गावकऱ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात मास्तर जिवंत असतो. ज्या तमाशाला त्याने हाकलले त्याच तमाशाच्या फडात तो पडेल ते काम करीत, अपमान गिळत दिवस कंठत असतो. अखेर त्याला पकडतात ते मास्तरांचा खुनी म्हणून! स्वतःच्याच खुनाचा आरोप त्याच्यावर येतो. "मीच तो मास्तर" एवढे तीन शब्द उच्चारले तर तो सुटेल. पण मग गावातला पुतळा कोसळेल. तो गप्प राहतो.

व्ही. शांताराम यांच्या १९७२ सालच्या 'पिंजरा' या चित्रपटाची ही कथा बहुतेक वाचकांना ठाऊक असेलच. आम्ही लहान असताना आमच्या गावच्या बैठकेत कोणीतरी भारतातून आणलेली त्याची कॅसेट लावली होती. संध्याकाळी जिथे आम्ही बाराखडी गिरवीत असू त्याच खोलीत, त्याच बाकांवर बसून आम्ही हा चित्रपट पाहिला. मोठी माणसे राम कदमांच्या चाली आणि संध्याबाईंचे नृत्य यांविषयी बोलत घरी गेली. आमच्या डोळ्यांपुढून मात्र तो मास्तर हलेना. त्याचा सरळ कणा हळूहळू वाकत जातो, आवाज खाली खाली येतो आणि शेवटी तो हाती तुणतुणे घेऊन उभा राहतो. त्या वेळी आम्हाला फार भीती वाटली होती. बैठकेतले आमचे गुरुजीही शेजारच्याच बाकावर बसले होते, आणि त्यांच्याकडे वळून पाहण्याचा आम्हाला धीर झाला नाही.

ती भूमिका करणाऱ्या नटाचे नाव होते डॉ. श्रीराम लागू. मराठी रंगभूमीचा आणि चित्रपटाचा हा थोर नट १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात वयाच्या ९२व्या वर्षी निवर्तला. त्यांच्याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही स्वतः पेशाने शिक्षक, म्हणून आमच्या एक गोष्ट सहज ध्यानात आली, आणि तीच या लेखात सांगावयाची आहे. शिक्षणाने आणि धंद्याने हा माणूस शस्त्रवैद्य. पण पडद्यावर आणि रंगमंचावर त्याच्या वाट्याला पुन्हा पुन्हा आला तो मास्तर, प्राध्यापक, गुरू! आणि यांपैकी एकाही मास्तराचा त्याने पुतळा होऊ दिला नाही.

प्रथम थोडेसे चरित्र. जन्म १६ नोव्हेंबर १९२७, सातारा. वडील डॉक्टर. पुण्याच्या भावे हायस्कूलमध्ये, नंतर फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे बी. जे. मेडिकल कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. कान, नाक आणि घसा यांची शस्त्रक्रिया हा त्यांचा विषय. कॉलेजात असतानाच नाटकाचे वेड लागले. पुण्यात भालबा केळकर आणि त्यांचे सहकारी यांनी चालविलेल्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या 'पीडीए' या संस्थेत ते नाटके करू लागले. दिवसा दवाखाना, रात्री तालीम असा क्रम वर्षानुवर्षे चालला. मध्यंतरी अधिक शिक्षणासाठी ते कॅनडा आणि इंग्लंड येथे जाऊन आले.

साठाच्या दशकात ते आफ्रिकेतही होते. टांझानियातील टाबोरा या गावी त्यांनी डॉक्टरकी केली. टाबोरा समुद्रापासून बरेच आत आहे. पूर्वी हस्तिदंताचे आणि, सांगताना लाज वाटते, गुलामांचे तांडे याच गावावरून किनाऱ्याकडे जात. त्याच किनाऱ्याला लागणाऱ्या महासागरात आमचे बेट आहे. सातारच्या माणसाने इतक्या जवळ येऊन परत जावे याची आम्हाला उगीचच हुरहुर वाटते. पुढे डॉक्टरांनी २००४ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले, त्याचे नाव 'लमाण'. लमाण म्हणजे तांड्याबरोबर दुसऱ्याचा माल पाठीवर लादून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचविणारा. नटही तसाच, नाटककाराचा माल प्रेक्षकांच्या दारी नेऊन टाकावयाचा, असा त्या नावाचा आशय. टाबोऱ्याचा आणि या नावाचा काही संबंध आहे असे आमचे म्हणणे नाही. योगायोग मात्र मोठा गोड आहे.

परदेशात पैसा होता, प्रतिष्ठा होती. १९६९ साली डॉक्टरांनी ते सारे बाजूला ठेवले आणि वसंत कानेटकर यांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकातून ते पूर्णवेळ व्यावसायिक नट झाले. त्या वेळी त्यांचे वय ४२ च्या घरात होते. वाचकहो, हा आकडा क्षणभर मनात ठेवा. बेचाळिसाव्या वर्षी माणूस मुलांच्या शिक्षणाचा आणि घराच्या हप्त्यांचा हिशेब करीत असतो. या वयात शस्त्रक्रियेची हत्यारे खाली ठेवून तोंडाला रंग लावावयाचा, आणि तोही मराठी नाटकात, जिथे आजचा प्रयोग झाला तर उद्याचा होईलच याची शाश्वती नाही! आम्ही स्वतः त्या वयातून गेलो आहोत. शाळेतली कायमची नोकरी सोडण्याचा विचार आमच्याही मनात एकदोनदा डोकावून गेला आणि तसाच परतही गेला. म्हणून या निर्णयाची जोखीम आम्हाला पुरती कळते.

दुसऱ्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० रोजी, 'नटसम्राट' रंगमंचावर आले. नाटककार वि. वा. शिरवाडकर, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, निर्मिती गोवा हिंदु असोसिएशनची. गणपतराव बेलवलकर हा शेक्सपिअरच्या नायकांच्या भूमिका गाजविलेला म्हातारा नट निवृत्त होतो, मिळवलेले सारे मुलांना वाटून टाकतो, आणि मग मुलांच्या घरात त्याला आणि त्याच्या कावेरीला जागा उरत नाही. कावेरीचे काम शांता जोग यांनी केले. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची छाया नाटकावर आहे, पण दुःख अस्सल मराठी घरातले आहे. या नाटकासाठी शिरवाडकरांना १९७४ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि डॉ. लागू हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले.

येथे आमची एक तक्रार नोंदवतो. आमच्या बेटावरील मराठी नाट्यस्पर्धा असोत की शाळेचे स्नेहसंमेलन असो, 'नटसम्राट'मधील स्वगत म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच. आणि तो ओरडतो. हात उंचावून, शिरा ताणून, जणू काही पलीकडच्या उसाच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तसा तो ओरडतो. आम्ही परीक्षकांच्या खुर्चीत बसून कितीदा तरी हे सोसले आहे. डॉ. लागूंचे ध्वनिमुद्रण ऐका. आवाज भरदार आहे, मोठाही होतो, पण त्याच्या आधी विचार येतो. वाक्याच्या मध्ये ते थांबतात, आणि त्या थांबण्यात गणपतराव पुढचा शब्द शोधीत असतो. पाठ केलेले वाक्य आठवीत नसतो. घशाचा डॉक्टर असल्यामुळे त्यांना आवाजाचे यंत्र ठाऊक होते असे पुष्कळ जण गमतीने म्हणतात. असेलही. आमच्या मते त्यांना मौनाचे यंत्र अधिक ठाऊक होते.

ही भूमिका नटाला पिळून काढणारी आहे. डॉ. लागूंच्या मागून दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नामवंतांनी ती केली. २०१६ साली पडद्यावर नाना पाटेकर यांनी केली. तरीही बेलवलकर म्हटले की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते डॉक्टरच. पण आम्हाला आज त्यांच्या मास्तरांविषयी बोलावयाचे आहे, म्हणून बेलवलकरांना येथेच नमस्कार करतो.

'पिंजरा'तील मास्तर वर आलाच आहे. त्याच वर्षी, १९७२ साली, कानेटकरांचे 'हिमालयाची सावली' हे नाटक आले. त्यातील प्राध्यापक नानासाहेब भानू हे पात्र महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या जीवनावरून घेतलेले. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत. विधवांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी हिंगण्याच्या माळावर आश्रम उभारला, १९१६ साली महिला विद्यापीठ काढले आणि १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. असल्या पुरुषाचे नाटक म्हणजे आरत्यांची माळ होण्याचा धोका! पण कानेटकरांनी नाटक ठेवले ते त्यांच्या पत्नीच्या बाजूने. हिमालय मोठा खरा, पण त्याच्या सावलीत ज्यांना जन्म काढावा लागतो त्यांना ऊन मिळत नाही. घरात पैसा नाही, लोकांची निंदा आहे, आणि नवरा जगाच्या मुलींना शिकविण्यात गुंतलेला. भानूंचे मोठेपण आणि त्यांचे घराकडे होणारे दुर्लक्ष ही दोन्ही डॉक्टरांना एकाच देहात दाखवावयाची होती, आणि ती त्यांनी दाखविली. शिक्षकांच्या घरातील मंडळींनी हे नाटक जरूर वाचावे. शिक्षकांनी तर वाचावेच, पण ते वाचल्यावर घरी काय उत्तर द्यावयाचे याची तयारी ठेवावी.

तिसरा मास्तर १९७५ सालचा. चित्रपट 'सामना', कथा-पटकथा विजय तेंडुलकर यांची, दिग्दर्शक जब्बार पटेल. हा मास्तर दारुड्या आहे. स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरलेला, नंतर मोडून पडलेला, कळकट कपड्यांतला, रस्त्यात पडलेला माणूस. तो हिंदुराव धोंडे पाटील नावाच्या साखरसम्राटाच्या गावी येऊन पोचतो. पाटील म्हणजे निळू फुले. त्या पट्टीच्या नटासमोर उभे राहणे हेच मोठे काम! पाटील त्याला आसरा देतो, दारू पाजतो, एका परीने पाळतो. आणि या पाळलेल्या माणसाच्या कानावर मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाचे नाव पडते. त्या माणसाचे पुढे काय झाले, एवढेच तो विचारू लागतो. चावडीवर विचारतो, शुद्धीत विचारतो, नशेत विचारतो. महाराष्ट्रात हा प्रश्न पुढे म्हणीसारखा वापरला जाऊ लागला. हा चित्रपट त्याच वर्षी बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात गेला होता.

आमच्या मते डॉक्टरांच्या मास्तरांत हा सर्वांत मोठा. 'पिंजरा'तील मास्तर चारित्र्य गेले म्हणून बोलण्याचा हक्क गमावून बसतो; आपला पुतळा वाचविण्यासाठी खोट्याला जीव देतो. 'सामना'तील मास्तरापाशी पुतळाही नाही आणि चारित्र्याचे प्रमाणपत्रही नाही. त्याच्यापाशी आहे तो फक्त प्रश्न, आणि तो त्याने सोडला नाही. तीन वर्षांच्या अंतराने एकाच नटाने ही दोन माणसे उभी केली. दोन्हीकडे निळू फुले होते, दोन्हीकडे खेडे होते, दोन्हीकडे अधःपात होता. आम्ही प्रशिक्षण महाविद्यालयात असताना आदर्श शिक्षकाची लक्षणे वहीत उतरवून घेतली होती, चांगली दीड पाने भरली होती. वेळेवर येणे, स्वच्छ वेष, मधुर वाणी, निर्व्यसनी जीवन. ती सारी योग्यच आहेत. पण गावातला एक गरीब माणूस नाहीसा झाला असता त्याच्याविषयी विचारणे हे लक्षण त्या दीड पानात कोठेच नव्हते.

हिंदी चित्रपटांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. हिंदी-मराठी मिळून शंभराहून अधिक चित्रपट डॉक्टरांनी केले. हिंदीत त्यांच्या वाट्याला नायकाचा बाप, न्यायाधीश, पोलीस अधिकारी अशी सरधोपट कामे पुष्कळ आली. आमच्या बेटावर 'मुकद्दर का सिकंदर' (१९७८) पाहिलेले लोक शेकड्यांनी भेटतील, 'सामना' पाहिलेले बोटांवर मोजण्याइतके. एवढ्या मोठ्या नटाने असल्या कामांत वेळ का घालवावा असा प्रश्न पडतो. पण मराठी नाटकावर कोणाचे घर भागले आहे? 'घरौंदा' (१९७७) मात्र वेगळा. पैशाच्या लोभाने गरीब तरुण आपल्या प्रेयसीला म्हाताऱ्या, आजारी मालकाशी लग्न करावयास लावतो, आणि तो म्हातारा मालकच चांगला माणूस निघतो. त्या कामासाठी डॉक्टरांना सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. जब्बार पटेलांच्या 'सिंहासन' (१९७९) मध्ये ते मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवणारे अर्थमंत्री होते.

अॅटनबरोंच्या 'गांधी' (१९८२) मध्ये त्यांनी नामदार गोपाळ कृष्ण गोखले साकारले. काम लहान, पण दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधींना "आधी देश पाहा" असे सांगणारा तो गुरू आहे. गोखलेही फर्ग्युसनचेच प्राध्यापक! ज्या महाविद्यालयाच्या पायऱ्या डॉक्टर विद्यार्थी म्हणून चढले, तिथल्या दोन गुरूंना त्यांनी असे आपल्या देहात वागविले, एक कर्व्यांच्या वळणाचे भानू आणि दुसरे गोखले.

मृणाल सेन यांचा 'एक दिन अचानक' (१९८९) आम्ही फार उशिरा पाहिला. एक प्राध्यापक पावसाच्या संध्याकाळी घराबाहेर पडतो आणि परत येत नाही. बस, एवढीच गोष्ट. दिवस जातात, महिने जातात. बायको आणि मुले त्याची आठवण काढता काढता एका अवघड जागी येऊन पोचतात: ज्यांना आपण विद्वान समजत होतो ते बाबा कदाचित सामान्यच होते काय? आणि हे त्यांना स्वतःला कळले होते काय? डॉ. लागू पडद्यावर थोडाच वेळ आहेत. बाकी सारा वेळ त्यांची रिकामी खुर्ची काम करते. पत्नीच्या भूमिकेसाठी उत्तरा बावकर यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. आम्ही तो चित्रपट संपल्यावर दुसऱ्या दिवशीचे पाठ काढावयास बसलो, आणि बराच वेळ वही उघडीच राहिली.

आता एका नाजूक विषयाकडे वळणे भाग आहे. डॉक्टर निरीश्वरवादी होते, आणि ते लपवून ठेवणारे नव्हते. देवाला आता निवृत्त करावे असे त्यांनी जाहीरपणे लिहिले, त्यावरून मोठा गदारोळ झाला. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्याबरोबर ते महाराष्ट्रभर फिरले. एकाच व्यासपीठावर दोघे बसत. देव ही कल्पनाच टाकून द्या असे लागू म्हणत, तर दाभोलकर आपल्या चळवळीची भूमिका मांडीत, आणि श्रोत्यांसमोर खुला वाद होई. त्या दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून खून झाला. वयाच्या ८५व्या वर्षी डॉक्टरांना हे पाहावे लागले.

आम्ही देव मानणारे आहोत. आमच्या पणजोबांनी कोकणातून येताना गणपती मनात आणला, भजने आणली, झाकड्या आणल्या. त्यांच्या आधारावर तर आमची मराठी इथे टिकली. गणेशचतुर्थीला मूर्ती डोक्यावर घेऊन पाण्याकडे चालणाऱ्या आमच्या मंडळींना डॉक्टरांचे हे बोलणे पचणार नाही, आम्हालाही पचत नाही. पण 'सामना'च्या मास्तरावर प्रेम करावयाचे आणि डॉक्टरांनी प्रश्न विचारला की कान झाकावयाचे, हे काही बरोबर नव्हे. वर्गात एखादा पोरगा उठून अडचणीचा प्रश्न विचारतो तेव्हा त्याला खाली बसविणे सोपे असते. आम्हीही कैकदा बसविले आहे.

नुसते बोलून ते थांबले नाहीत. सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडे मानधन मिळावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी त्यांनी निळू फुले, तनुजा आदी कलावंतांसह आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. गंभीर चेहऱ्याचे डॉक्टर आणि अत्र्यांचा तो धमाल फार्स! आम्हाला तो पाहावयास मिळाला असता तर बरे झाले असते.

१९९९ साली, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी आपला अखेरचा मोठा गुरू उभा केला. नाटक 'सूर्य पाहिलेला माणूस', लेखक मकरंद साठे, दिग्दर्शक अतुल पेठे. भूमिका सॉक्रेटिसची. अथेन्सच्या बाजारात पोरांना प्रश्न विचारावयास शिकविले एवढ्या अपराधासाठी विषाचा पेला प्यालेला हा मास्तरांचा आद्य मास्तर. ज्या वयात माणसाला औषधाच्या गोळ्यांची नावे आठवत नाहीत त्या वयात एवढे जड, विचारांनी भरलेले संवाद पाठ करून ते प्रयोगामागून प्रयोग करीत राहिले. पद्मश्री त्यांना १९७४ सालीच मिळाली होती. संगीत नाटक अकादमीची सन्माननीय अधिछात्रवृत्ती २०१० साली मिळाली.

या सगळ्यामध्ये एक घाव आहे, तो सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. त्यांच्या आणि अभिनेत्री दीपा लागू यांच्या तन्वीर या मुलाचा १९९४ साली मृत्यू झाला. तो रेल्वेने प्रवास करीत होता, बाहेरून कोणीतरी गाडीवर दगड भिरकावला आणि तो त्याला लागला. ज्याने फेकला त्याला या मुलाचे नावही ठाऊक नसावे. देवाला नवस नाही, दैवाला बोल नाही. ज्याचा आधार सामान्य माणूस अशा वेळी घेतो तो आधार डॉक्टरांनी स्वतःहून दूर केलेला होता. ते पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. सॉक्रेटिस त्यानंतरचा आहे. २००४ साली लागू दांपत्याच्या रूपवेध प्रतिष्ठानाने नाट्यक्षेत्रात आयुष्य वेचलेल्या ज्येष्ठांसाठी 'तन्वीर सन्मान' सुरू केला. पहिला सन्मान इब्राहिम अल्काझी यांना देण्यात आला, म्हणजे ज्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात नटांच्या पिढ्या घडविल्या त्या शिक्षकाला.